उडी आहे, उंची आहे, तरी ब्लॉक का बसत नाही

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. उंची ५ फूट ११ इंच, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेंटरला ब्लॉकर (म्हणजे नेटच्या मध्यभागी उभा राहून समोरच्याचा स्मॅश हातांनी अडवणारा), उडी बरी आहे, झोनल टुर्नामेंट दीड महिन्यावर आलीय. तक्रारी तीन. बॉल हात आणि नेटच्या मधून आपल्याच बाजूला पडतो, साइडला ब्लॉकला गेलास की बोटांना लागून बाहेर जातो, आणि समोरच्यांचा क्विक (नेटजवळ छोटा उचललेला बॉल झटकन मारणं) आला की तू वर पोचेपर्यंत बॉल खाली आपटलेला असतो. आणि शेवटी विचारलंयस की उडी वाढवायला कोणता व्यायाम करू.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, उडीचं सध्या डोक्यातून काढ. मी स्वतः चौदा वर्षं खेळलो, त्यातली बरीच ब्लॉकर म्हणून, आणि आता बरीच वर्षं झाली पोरांना शिकवतोय, माझ्याकडं येणारा दर दुसरा पोरगा हेच विचारतो आणि दहातल्या आठ जणांचा प्रॉब्लेम उडीचा नसतोच. साधा हिशोब कर ना. पुरुषांचं नेट २.४३ मीटर. तुझ्या उंचीच्या माणसाचा हात नुसतं उभं राहून वर केला तर साधारण २.३०-२.३५ पर्यंत जातो, भिंतीला खडूनं खूण करून मोजून बघ. म्हणजे नेटची वरची पट्टी तुझ्या बोटांच्या वर जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. तीस सेंटिमीटर उडालास की मनगट पट्टीच्या वर, पंचेचाळीस उडालास की मनगटाच्या खालचा वीतभर भाग वर. एवढी उडी तुझ्यात आजच आहे, नाहीतर तू स्मॅश मारूच शकला नसतास. मग ती उडी ब्लॉकला कुठं जाते? ती जाते उशिरात. तू उशिरा ओळखतोस, मग घाईत पळतोस, मग वाकड्या पायांनी उडतोस आणि मग हात फेकतोस. बघणाऱ्याला फक्त शेवटचे हात दिसतात म्हणून सगळे ओरडतात "हात नीट लाव". हातांचा दोष फार कमी असतो, मूळ दोष डोळ्यात आणि पायात असतो.

तर डोळ्यांपासून धरू, कारण क्विकला लेट होण्याचं कारण तिथंच आहे.

मॅच बघताना प्रेक्षक बॉल बघतो. ब्लॉकरनं प्रेक्षकासारखं बघायचं नाही. तू बहुतेक बॉलच बघत असशील, त्यांच्या रिसिव्हपासून (सर्व्हिस उचलण्यापासून) स्मॅशपर्यंत, मान बॉलबरोबर फिरते. असं केलंस की सेटरनं लिफ्ट दिलेली (स्मॅशरला मारायला बॉल वर उचलून दिलेला) तुला कळते तेव्हा बॉल अर्ध्या वाटेवर असतो. आपल्याला बघायचंय चार गोष्टी, एकामागून एक. पहिलं रिसिव्ह, तेही फक्त एक नजर, पास नेटवर चांगला आलाय का बोंबललाय. पास तीन मीटरच्या लाईनच्या मागं गेला तर क्विकची भीती जवळजवळ संपली, तू आधीच अर्धं पाऊल साइडला सरकू शकतोस. पास चांगला दिसला की बॉल सोड आणि सेटरकडं बघ. त्याचे हात, कोपर, कंबर. बॉल कपाळाच्या पुढं घेतोय का डोक्याच्या मागं जाऊ देतोय, पाठ वाकतेय का. खालच्या लेव्हलचे सेटर बॅक लिफ्ट द्यायच्या आधी कंबर पुढं ढकलतातच, जणू ओरडून सांगतात. मग बॉल हातातून सुटल्यावर पहिला मीटरभर बघायचा, दिशा आणि स्पीड तेवढ्यात कळतं. आणि मग परत बॉल सोडायचा आणि स्मॅशरला बघायचं, त्याचा रन-अप कुठून येतोय, खांदा कुठं वळलाय, बॉल त्याच्या खांद्याच्या आत आहे का बाहेर. बॉल हवेत असताना त्याच्याकडं बघत बसून काही मिळत नाही, तो कुठं उतरणार हे तुला कळलेलंच असतं, फिरवणार तो स्मॅशर.

हे वाचायला सोपं आहे आणि करायला महिना लागतो. आमच्या सरांनी मला यासाठी एक आठवडा ब्लॉकला उडूच दिलं नव्हतं, नेटपाशी हात वर करून उभं करायचे आणि समोर सेटर लिफ्ट द्यायचा, मी फक्त ओरडायचं, "चार", "तीन", "दोन", "मागे". त्यांच्या बाजूच्या जागेचा नंबर, पुढच्या रांगेत चार त्यांच्या डावीकडं, तीन मध्ये, दोन उजवीकडं. पहिल्या दिवशी मी ओरडायचो तेव्हा बॉल वर टॉपला पोचलेला असायचा आणि सगळी टीम हसायची. आठवड्यानं ओरडणं आणि सेटरच्या हातातून बॉल सुटणं जवळजवळ एकत्र यायला लागलं. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल पण हे कर, रोज पंधरा मिनिटं, उडी नाही, पाय नाही, नुसतं ओरड. लाज वाटते सुरुवातीला, वाटू दे.

आता क्विक. क्विकला लेट होतोस त्यात डोळ्यांचा अर्धा वाटा, उरलेला अर्धा गुडघ्यांचा. तू म्हणतोस उडी चांगली आहे, याचा अर्थ तू खोल बसून उडणारा असणार. हाय बॉलवर, म्हणजे उंच लिफ्टवर, ते चालतं. क्विकवर खोल बसायला वेळच नाही, तू खाली जातोस तेव्हा तो वर असतो. तिथं हात आधीच खांद्याच्या वर पाहिजेत, पंजे नेटकडं, गुडघे आधीच थोडे वाकलेले, आणि उडी जवळजवळ घोट्यातून, छोटी आणि फटकन. पाच सेंटिमीटर कमी उडालास तरी हरकत नाही, वेळेवर पलीकडं गेलेला हात उशिरा वर गेलेल्या हातापेक्षा कधीही भारी. आणि क्विकवाल्याबरोबर उडायचं, त्याच्यानंतर नाही.

पण इथं एक सौदा आहे, तो समजून घे. क्विकवाल्याबरोबर दरवेळी उडायचं ठरवलंस म्हणजे सेटरनं साइडला दिलं की तू हवेत आणि तुझा साइडवाला एकटा. आणि दरवेळी वाट बघायचं ठरवलंस तर चांगला क्विक तुझ्या बोटांवरून जाणार. दोन्ही एकदम मिळत नाही. मी पोरांना सांगतो की मूळ सवय वाट बघायची ठेव, म्हणजे सेटरच्या हातातून सुटलं की जायचं, आणि सेटमध्ये तीन-चार वेळाच ठरवून क्विकबरोबर उडायचं. कधी? पास एकदम नेटवर आलाय, त्यांचा क्विकवाला मागचे दोन बॉल मारून गेलाय आणि सेटरला त्याच्यावर भरवसा बसलाय, तेव्हा. आणि हे उडण्याआधी मागच्या डिफेन्सवाल्यांना माहीत पाहिजे, पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण कर, नाहीतर मागचा पोरगा भलत्याच जागी उभा राहील आणि शिव्या तू खाशील.

पाय. सेंटरपासून साइडच्या ब्लॉकला तुला साधारण तीन मीटर जायचं असतं. कोर्ट नऊ मीटर रुंद, तू मध्ये, आणि लिफ्ट अँटेनाच्या (साइड लाईनवर नेटला लावलेली उभी काठी) मीटरभर आत येते असं धर. एवढं अंतर बाजूला सरकत, पायाला पाय लावत, पुरं होत नाही. ते सरकणं मीटर-दीड मीटरसाठी ठीक आहे, म्हणजे साइडवाल्या ब्लॉकरला किंवा क्विक थोडा इकडंतिकडं असेल तेव्हा. लांब जायचं तर तीन पावलं. उजवीकडं जायचं असेल तर उजवा पाय मोठा टाक, डावा त्याच्या पुढून ओलांडून टाक, मग उजवा बाहेर येऊन बंद कर आणि वर. डावीकडं याच्या उलट. पहिलं पाऊल मोठं पाहिजे, तिथंच सगळे कंजुषी करतात, छोटं पाऊल टाकतात आणि मग शेवटच्या पावलाला लांब फाक मारतात. शेवटच्या पावलाचं काम अंतर कापायचं नाहीच, ब्रेक लावायचं आहे. बाहेरचा पाय रोवला की पंजा थोडा आत वळलेला, दोन्ही पायांची बोटं नेटकडं, आणि उडी सरळ वर.

इथं ब्रेक लागला नाही की माणूस हवेत वाहत जातो. हवेत वाहणारा ब्लॉकर म्हणजे तीन नुकसानं एकदम, तो आपल्याच साइडवाल्याला धडकतो, हात चालते असल्यामुळं बॉल कुठंही उडतो, आणि खाली येताना पाय कुणाच्या तरी पायावर पडतो. मला विचारशील तर बोटांना लागून बाहेर जाणारे तुझे निम्मे बॉल याच्यामुळं जात असणार, कारण तू बाहेरच्या दिशेला वाहतोयस आणि हातही बाहेरच चाललेत, स्मॅशरला फार काही करावंच लागत नाही.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे, मातीचं ग्राउंड. नेटखालची मीटरभर पट्टी पोरांच्या पायांनी भुसभुशीत होते आणि ब्रेक लावला की पाय घसरतो, मग पोरगा घाबरून ब्रेक लावायचाच सोडतो आणि सवय बिघडते. प्रॅक्टिसच्या आधी तेवढी पट्टी पाणी मारून, दाबून, झाडून घे, वीस मिनिटांचं काम आहे, ज्युनियर पोरांना लावू नकोस, स्वतः कर.

उभं राहायचं कुठं? नेटपासून कोपरापर्यंतच्या हाताएवढं अंतर, कोपर अंगाजवळ ठेवून पुढं हात केलास तर बोटं नेटला लागायच्या बेतात. त्याच्या मागं उभा राहिलास की हात पुढं टाकायला अंग पुढं झोकावं लागतं आणि नेट टच होतो, किंवा झोकलं नाहीस तर हात आणि नेटमध्ये भोक राहतं, तेच तुझं पहिलं दुखणं.

ते भोक नीट समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त चिडचिड त्याचीच होते, बॉलला हात लागलेला असतो आणि तरी पॉइंट जातो. बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो, म्हणजे रुंदी साधारण एकवीस, एक वीत धर. तुझे हात आणि पट्टी यांच्यात वीतभर जागा राहिली की बॉल तिथून उतरणारच. ही जागा दोन कारणांनी राहते. एक लांबून उडणं, ते वर सांगितलं. दुसरं हातांचा रस्ता. बहुतेक पोरं हात कमरेपासून झुलवत वर नेतात, डोक्याच्या मागं-वर, आणि मग बॉल आला की वरून खाली चापट मारतात. चापट मारताना हात गोल फिरतो, पहिल्यांदा पट्टीपासून लांब जातो आणि मग परत येतो, आणि बॉल नेमका तो लांब असताना येतो. शिवाय चापट मारणाऱ्याचा वेळ एका क्षणाचा, जरा मागंपुढं झालं की संपलं.

हात असा जायला पाहिजे की जणू माळ्यावर मागच्या कोपऱ्यात डबा सरकवतोयस. घरात केलंयस ना कधी, टाचा उचलून, हात पट्टीला घासत वर, आणि मग वर गेल्यावर आत ढकल. डबा कुणी माळ्यावर आपटत नाही. तसंच हात खांद्यापासून निघतात, नेटच्या अगदी जवळून, दोन बोटांच्या अंतरानं वर जातात, आणि पट्टी ओलांडली की पलीकडं सरकतात. खांदे कानाला लागेपर्यंत वर ओढ, त्यानं फुकटचे चार-पाच सेंटिमीटर मिळतात. बोटं फाकलेली आणि ताठ, अंगठे वर, दोन पंज्यांच्या मध्ये चार बोटांचं अंतर. मनगट बॉल लागायच्या वेळी जरा खाली वळव, बास, बॉल त्यांच्याच पायाशी पडतो. पोट आवळून धर, नाहीतर जोरात स्मॅश लागला की हात मागं ढकलले जातात आणि परत भोक तयार.

आणि डोळे उघडे ठेव. हसू नकोस, व्हिडीओ काढून बघ, निम्मी पोरं बॉल लागायच्या क्षणी डोळे मिटतात.

पलीकडं हात टाकण्याबद्दल नियमाची एक गोष्ट पोरांना माहीत नसते म्हणून घाबरतात. समोरच्यानं ॲटॅक केल्यावर पलीकडं जाऊन बॉलला हात लावायची पूर्ण मुभा आहे. त्याच्या आधी, म्हणजे त्यांचा सेटर अजून लिफ्ट देतोय तेव्हा, पलीकडं हात घालून बॉल अडवलास तर फाऊल. आणि अँटेनांच्या मधलं नेट खेळताना कुठंही लागलं तर फाऊल, मधली काही वर्षं फक्त वरच्या पट्टीचं धरायचे, २०१५ पासून परत सगळं नेट धरतात, जुनी माणसं अजून त्यावर वाद घालतात. आणि ब्लॉकचा टच टीमला मिळणाऱ्या तीन टचमध्ये मोजत नाहीत, ब्लॉकला लागलेला बॉल तूच परत पहिला उचलू शकतोस. हे सगळं कायम असंच नव्हतं बरं का, पलीकडं हात न्यायची परवानगी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी आली, व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा तेव्हाच खेळलं गेलं, आणि ब्लॉक टचनंतर पूर्ण तीन टच १९७६ पासून. त्याच्या आधीचा ब्लॉकर बिचारा अर्धे हात बांधूनच खेळायचा.

आता बोटांना लागून बाहेर. वाहण्याचं बोललो. दुसरी गोष्ट बाहेरचा हात. साइडच्या ब्लॉकला अँटेनाकडचा जो हात असतो त्याचा पंजा कोर्टच्या आत वळलेला पाहिजे, सहा नंबरच्या खेळाडूकडं म्हण, म्हणजे त्यांच्या मागच्या मधल्या माणसाकडं. दोन्ही पंजे सरळ समोर ठेवलेस की शहाणा स्मॅशर बाहेरच्या हाताची कड बघून मारतो, ब्लॉक आऊट. हे काम मुळात साइडवाल्याचं, पण तू सेंटरवाला असलास तरी तुला माहीत पाहिजे कारण साइडवाला लेट झाला की बाहेरचा हात तुझाच असतो. तिसरी गोष्ट जरा वरची, लिफ्ट एकदम बाहेर, अँटेनाला चिकटून आणि स्मॅशरला लाईनही (साइड लाईनच्या कडेनं सरळ) नाही क्रॉसही (कोर्टवर तिरकं) नाही, म्हणजे तो फक्त तुझा हातच शोधणार, असं दिसलं की शेवटच्या क्षणी हात काढून घ्यायचे. आऊट जातो. पहिल्यांदा जमलं ना की स्मॅशरचं तोंड बघण्यासारखं असतं. पण हे झोनलला करून बघू नकोस, आधी प्रॅक्टिसमध्ये शंभर वेळा कर.

हाय बॉलला कधी उडायचं हे विचारलं नाहीस पण तिथंही गडबड असणार, कारण क्विकला लेट होणारा माणूस घाबरून हाय बॉलला लवकर उडतो. तू खाली येत असताना तो मारतो, खाली येणाऱ्या हातांवर आणि नेटमधल्या भोकात. हाय बॉलला स्मॅशर उडाल्यावर उडायचं, आधी नाही. तो रन-अप घेऊन वर जातो, हात मागं नेतो, तेवढा वेळ त्याला लागतोच, तुला लागत नाही. आणि लिफ्ट नेटपासून जितकी लांब तितकं अजून थांब, दोन-अडीच मीटर लांबून मारला तर बॉलला नेटपर्यंत यायलाही वेळ लागतो. पोरं थांबत नाहीत, पाय शिवशिवतात.

साइडवाल्याशी तुझं जमलं पाहिजे. जागा तो ठरवतो, तू फक्त दार लावतोस. तो स्मॅशरच्या मारणाऱ्या खांद्यासमोर उभा राहिला, तू त्याच्याजवळ जाऊन बंद केलंस, मध्ये बॉल जाईल एवढी फट नाही, झाला डबल ब्लॉक. पण कधीकधी पोचणार नसतोस, लिफ्ट फास्ट असते. तेव्हा शेवटच्या क्षणी आडवा हात फेकायची सगळ्यांना खाज असते, मलाही होती. नको. तिथंच थांब, आहेस तिथं सरळ वर जा, हात सरळ. मधली फट मोठी राहील पण ती एका जागी राहील, मागचा डिफेन्सवाला तिथं उभा राहील. आडव्या फेकलेल्या हाताला लागून बॉल कुठं जाईल ते देवालाही सांगता येत नाही, तुझ्या मागच्याला तर नाहीच.

यातूनच एक समज बदलावी लागते, सगळ्यात महत्त्वाची म्हण. ब्लॉक म्हणजे बॉल त्यांच्या कोर्टात आपटवणं असं आपल्या डोक्यात बसलंय, कारण तेव्हाच टाळ्या पडतात. इंटरनॅशनल टीमसुद्धा सेटला असे दोन-तीनच ब्लॉक मिळवतात, सहा-साडेसहा फुटी पोरं असून. मग बाकीचा वेळ ब्लॉकर काय करतो? तो कोर्टचा एक तुकडा बंद करतो. तुझ्या हातांनी क्रॉस बंद केला की मागच्यांना फक्त लाईन आणि ड्रॉप (ब्लॉकवरून हळूच टाकलेला बॉल) सांभाळायचा. स्मॅशर तुझ्या हातांना घाबरून नेटमध्ये मारतो, आऊट मारतो, ड्रॉप टाकतो, यातलं काहीच तुझ्या नावावर लिहिलं जात नाही पण ते तुझंच काम. म्हणून लिफ्ट जाण्याआधी ठरलेलं पाहिजे, आज लाईन घ्यायची का क्रॉस, आणि मग ठरल्याप्रमाणं हात ठेवायचे, हवेत गेल्यावर विचार बदलून बॉलमागं हात फिरवायचे नाहीत. मागचा माणूस तुझ्या हातांवर विश्वास ठेवून उभा असतो.

आणि जिथं पलीकडं हात टाकण्याएवढं वर पोचणार नाहीस, उशीर झाला किंवा समोरचा फारच उंच उडतोय, तिथं हात पलीकडं ढकलू नकोस, सरळ वर धर, पंजे किंचित मागं, आभाळाकडं. बॉलचा जोर मरतो आणि वर उडून आपल्या मागच्यांकडं जातो, आपला काऊंटर सुरू. बुटक्या सेटरला समोर उभं राहावं लागतं त्याला तर मी हाच ब्लॉक शिकवतो, दुसरा नाही. दिसायला साधा आहे पण मॅच यावर फिरतात. पोरं व्हिडीओत मुसेर्स्कीसारखे ब्लॉकर बघतात, २.१८ मीटर उंचीचा रशियन, २०१२ च्या लंडन ऑलिंपिक फायनलला ब्राझील दोन सेट पुढं असताना त्याला सेंटरमधून युनिव्हर्सलला, म्हणजे साइडच्या मुख्य स्मॅशरच्या जागी, नेला आणि रशियानं ती मॅच ३-२ नं काढली. बघ जरूर, पण नक्कल करू नकोस, त्याला नेटवर हात टाकायला जे करावं लागतं आणि तुला-मला जे करावं लागतं त्यात फरक आहे.

डावखुऱ्याचं एका ओळीत, त्याचा मारणारा खांदा दुसऱ्या बाजूला असतो म्हणून नेहमीच्या जागेपासून अर्धं पाऊल सरक, अंगासमोर नाही, खांद्यासमोर. मी एक अख्खी सेमीफायनल एका डावखुऱ्याच्या छातीसमोर उडून हरलोय.

खाली येणं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, नेटपासून किंचित मागं. मधल्या लाईनचा नियम असा की पायाचा थोडा जरी भाग लाईनवर किंवा लाईनच्या वर असेल तर बाकीचा पलीकडं गेलेला चालतो, म्हणजे समोरच्याचा अर्धा पाय तुझ्या बाजूला आला तरी ते कायदेशीर आहे, आणि तू नेमका त्याच्यावर उतरतोस. घोटा मुरगळण्याची सगळ्यात कॉमन जागा हीच. माझा असाच एका नाईट टुर्नामेंटला गेला, हॅलोजनखाली खालचं नीट दिसतही नव्हतं, दोन महिने घरी. उतरलास की नेटकडं बघत उभा राहू नकोस, बॉल गेला त्या बाजूला वळ, आणि बोटांना टेप लावत जा, अनामिका आणि करंगळी एकत्र बांधलीस तरी चालते.

एक काम आजच संध्याकाळी कर, ग्राउंडचं नेट मोज. मध्यभागी २.४३ पाहिजे आणि दोन्ही साइड लाईनवर सारखं, जास्तीत जास्त दोन सेंटिमीटर वर. आमच्याकडं एका सीझनला दोरी सैल पडून मध्ये सात सेंटिमीटरचा झोल आलेला, कुणाच्या लक्षात नाही, सेंटरची पोरं राजासारखी ब्लॉक मारत होती. बाहेरच्या ग्राउंडवर टाईट नेटवर गेली आणि सगळ्यांचे हात पट्टीत. तेव्हापासून एका बांबूला २.४३ ची खूण करून तो पोलशेजारीच ठेवलाय.

आता दीड महिन्यात काय करायचं. पहिले दोन आठवडे बॉलशिवाय पाय, रोज नेटच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तीन पावलं टाकून, वर जाऊन, पलीकडं हात टाकून, समोर एक जोडीदार असेल तर वर दोघांचे तळहात नेटच्या वर भिडवा, त्यात कळतं कोण खरंच पलीकडं पोचतोय. सोबत ते ओरडायचं पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून समोर टेबलावर कुणाला तरी उभं कर, हातात बॉल धरून तो पट्टीच्या वरून तुझ्या हातात मारेल, हळू, मग जोरात, मग दिशा बदलून. तुझं काम फक्त भोक न ठेवणं. टेबल मजबूत घे, कॉलेजचं प्लॅस्टिकचं स्टूल नको, आमच्याकडं एकदा सर स्टुलासकट खाली आले होते. चौथ्या आठवड्यापासून खरा सेटर, खरे स्मॅशर, आणि स्कोअर तुझ्या टचचा ठेवायचा, ब्लॉक पॉइंटचा नाही, दहा ॲटॅकमध्ये किती वेळा चांगला हात लागला. पूर्ण जोराच्या उड्या एका दिवशी पन्नासच्या वर नकोत, आठवड्यात तीन दिवस, गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर त्या दिवशी नुसते डोळ्यांचे प्रकार कर. शेवटच्या आठवड्यात उड्या निम्म्या.

आणि व्हिडीओ पाठव, पण समोरून नको, समोरून सगळेच ब्लॉक छान दिसतात. मोबाईल पोलच्या लाईनीत, नेटच्या टोकाला, छातीच्या उंचीवर लाव, म्हणजे पट्टी एका उभ्या रेषेसारखी दिसेल आणि तुझे हात आणि ती रेषा यातलं अंतर स्पष्ट कळेल. सेंटरला पाच ब्लॉक आणि साइडला पाच, एडिट न करता, जे चुकलेत ते आधी.